एका किल्लीची कुलपं

पारखींच्या जेवणाच्या टेबलावर त्या दिवशी जेवण सोडून सगळं काही होतं. पेनं होती, बिल्ले होते, दाबली की किंचाळणारी रबरी बदकं होती, आणि एक छत्रीही होती, जी उघडायला एक माणूस आणि मिटायला दोन लागत. या पसाऱ्यातून पारखींना अशी एक वस्तू निवडायची होती, जी प्रदर्शनात फुकट वाटली की लोक बाकीचे स्टॉल सोडून त्यांच्या कारखान्याच्या स्टॉलकडे धावत सुटतील. बायको दोन्ही हातांत ताटं घेऊन मघापासून उभी होती आणि ताटं टेकवायला तिला कुठे जागा दिसत नव्हती.

पारखी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुलपांच्या कारखान्यात ते खरेदी खातं सांभाळत. पत्रा असो, स्प्रिंगा असोत की कॅन्टीनसाठी आलेली चहाची पूड असो, माल हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा, डोळे बारीक करायचे आणि "हं" म्हणायचं, ही त्यांची रीत. ती बघून कुणीतरी चेष्टेने त्यांना पारखी म्हटलं आणि त्यांनी ते मानाने घेतलं. पुढे पुढे तर मालकही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

या वेळचं काम मात्र पत्रा-स्प्रिंगांसारखं सरळ नव्हतं. एक मोठं, जुनं हॉटेल आपल्या सगळ्या खोल्यांची कुलपं बदलायच्या विचारात होतं, आणि त्या हॉटेलच्या व्यवस्थापक बाई प्रदर्शनाला येणार होत्या. ती ऑर्डर मिळाली तर कारखान्याची बंद पडलेली दुसरी पाळी पुन्हा सुरू होणार होती. दुसऱ्या पाळीतली माणसं घरी बसून कंटाळली होती. पारखी रस्त्यात दिसले की ती हातातली पिशवी खाली ठेवून विचारत, "काही कळलं का?" पारखी मान हलवत, आणि ती मान होकारार्थी की नकारार्थी हे कुणाला कळू नये याची काळजी घेत.

मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की रिकाम्या स्टॉलवर कुणी ऑर्डर देत नसतं. बाई आल्या की त्यांना आपल्याकडे गर्दी दिसली पाहिजे. गर्दी कशी जमवायची ते पारखींनी बघावं.

"बदकं द्या," बायको म्हणाली. "लहान मुलं खूश होतील."

"अगं, आम्ही कुलपं विकतो. बदकाचा नि कुलपाचा काय संबंध?"

"मग पेनं द्या."

"पेनं सगळेच देतात. आपल्याच घरी ड्रॉवर भरून पडलीत, त्यातलं एक तरी उमटतं का?"

"मग कुलपंच द्या की," असं म्हणून तिने ताटं सरळ छत्रीवर टेकवली. "कुलूपवाल्यांनी कुलूप द्यावं. आणि आता जेवायला बसा."

ही कल्पना बायकोची होती, हे दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचेपर्यंत पारखी विसरले होते. अडचण एकच होती. त्यांच्या कारखान्याचं सगळ्यात लहान कुलूपसुद्धा खिशात घातलं तर पॅन्ट सावरत चालावं लागेल इतकं जड होतं, आणि फुकट वाटायला परवडणारं तर मुळीच नव्हतं. म्हणून पारखींनी प्रवासी पिशव्यांना लावायची चिमुकली पितळी कुलपं बनवणारा एक व्यापारी गाठला. कुलपावर कारखान्याचं नाव कोरून द्यायला तो तयार झाला. नमुना आला. पारखींनी तो उलटापालटा केला, डोळे बारीक केले आणि "हं" म्हटलं.

माल पक्का करताना व्यापाऱ्याने फोनवर सहज विचारलं, "साहेब, किल्ल्या वेगवेगळ्या काढू, की सगळ्यांना एकच?"

कारखान्यातल्या झाडूवाल्याला जरी हा प्रश्न विचारला असता तरी तो हसला असता. पण पारखी पडले खरेदी खात्यातले. त्यांच्या लेखी कुलूप म्हणजे खोक्यात बसणारी, ओल न लागता पोचवायची एक वस्तू. त्यातून त्यांच्या मनात एक जुनी जखम होती. एकदा पॅकिंगच्या खोलीत किल्ल्यांचं खोकं फाटलं होतं आणि सगळं खातं फतकल मारून कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते लावून बघत बसलं होतं. ते खोकं पारखींनी पसंत केलेलं होतं. त्या आठवणीने त्यांच्या कानाच्या पाळ्या अजून गरम होत.

"एकच ठेवा," पारखी म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःशी नीट विचारही केला. एकाच्या कुलपाला दुसऱ्याची किल्ली लागते हे कळायला त्या दोघांची गाठ पडावी लागेल. कुलपं घेऊन लोक आपापल्या घरी जाणार. एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला भेटतंय? आपण किती पुढचा विचार करतो याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. ही युक्ती सगळं पार पडल्यावर मालकांना सांगायची असं ठरवून त्यांनी ती पोटात ठेवली.

प्रदर्शन भरलं ते एका भल्या मोठ्या सभागृहात. दारं, खिडक्या, नळ, रंग, पडदे, जे जे म्हणून घराला लागतं ते ते विकणारे तिथे होते. पारखींच्या शेजारी गादीवाले आले होते, आणि गादीवाल्यांनी घात केला होता. येईल त्याला ते एक मोठी निळी पिशवी फुकट देत होते. चांगल्या जाड कापडाची, खांद्याला अडकवायचे बंद असलेली, आत लहान मूल बसेल एवढी. सकाळपासून त्यांच्यापुढची रांग पार नळवाल्यांपर्यंत गेली होती आणि पारखींच्या टेबलावर पितळी कुलपांचा ढीग जसाच्या तसा चकाकत होता. विक्री खात्यातली मुलगी हसून हसून दमली होती, कारण हसायला समोर कुणी नव्हतं.

पारखी रांगेकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की माणसाला फुकट पिशवी मिळाली की तो ती भरायच्या मागे लागतो. लोक नको ती माहितीपत्रकं घेत होते, रंगांचे नमुने घेत होते, आपला डबा, बाटली, स्वेटर त्यातच कोंबत होते, आणि मग तिरके होऊन चालत होते. प्रवेशद्वाराच्या खाली, तळघरात, सामान ठेवायची खोली होती. तिथे भिंतभर लोखंडी कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्याला कडी होती. कुलूप ज्याचं त्याने आणायचं होतं. पण प्रदर्शनाला येताना घरून कुलूप कोण आणतो?

पारखी टेबलाच्या पुढे आले आणि त्यांनी वाटेत पहिला जो वाकडा चालणारा माणूस दिसला त्याला धरलं.

"पिशवी कशाला वागवताय, साहेब? खाली कप्प्यात ठेवा, हे आमचं कुलूप लावा आणि मोकळ्या हातांनी फिरा."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की त्याच्या मागचे दोघे आपणहून थांबले. तासाभरात चित्र पालटलं. गादीवाल्यांची रांग संपायची तिथून कुलूपवाल्यांची रांग सुरू होऊ लागली. निळी पिशवी घ्यायची, पितळी कुलूप घ्यायचं, तळघरात जायचं, अशी लोकांना वाटच पडली. मालक आले, त्यांनी गर्दी पाहिली आणि पारखींच्या खांद्यावर हात ठेवला. मालकांनी खांद्यावर हात ठेवल्याचं कारखान्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पारखींचा तो खांदा पुढे बराच वेळ वर उचललेलाच राहिला.

दुपारी हॉटेलच्या बाई आल्या. त्याही निळी पिशवी घेऊनच आल्या. मालकांनी स्वतःच्या हाताने त्यांना एक कुलूप दिलं, मुलीला त्यांच्याबरोबर तळघरात पाठवून पिशवी कप्प्यात ठेववली, आणि मोकळ्या हातांच्या बाईंना ते आपली मोठी कुलपं दाखवायला घेऊन गेले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की पारखींनी आपल्यापुरता एक चहा सांगितला.

तो चहा यायच्या आधी एक म्हातारे मास्तर आणि त्यांची पत्नी आली. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले होते, हातात निळी पिशवी होती, आणि ते मुद्दाम आभार मानायला आले होते.

"तुमचं कुलूप फार सोयीचं आहे हो," मास्तर म्हणाले. "माझी किल्ली कुठे ठेवली ते मला काही आठवेना. मग हिनं हिच्या किल्लीनं माझा कप्पा उघडला. झटक्यात उघडला. दोघांना एकच किल्ली, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"हो, मुद्दामच," पारखींच्या तोंडून निघून गेलं, आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

मास्तर कौतुकाने मान डोलवत झाडांच्या कुंड्या बघायला निघून गेले. एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला भेटतंय, असं पारखी स्वतःला म्हणाले होते. आणि आज सकाळपासून प्रत्येकाला हाताला धरून त्यांनी स्वतः एकाच खोलीत पाठवलं होतं.

ते तळघरात उतरले. खोलीत कुणी नव्हतं. 'सामानाची जबाबदारी ज्याची त्याची' अशी पाटी होती आणि तिच्याखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कप्प्याकप्प्याला त्यांची पितळी कुलपं लटकत होती. पारखींनी खिशातली नमुन्याची किल्ली काढून एका कुलपाला लावली. उघडलं. शेजारच्याला लावली. तेही उघडलं. आत निळी पिशवी होती. त्याच्याही शेजारचं उघडून बघायचा त्यांना धीर होईना. तेवढ्यात मागे पावलं वाजली. एक बाई दारात उभी राहून त्यांच्याकडे आणि उघड्या कप्प्यांकडे पाळीपाळीने बघत होती.

"तुमचे आहेत का हे कप्पे?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे कुलपं आमची आहेत."

बाईने आपली पिशवी काढली, छातीशी घट्ट धरली, आणि त्यांच्याकडे पाठ न करता ती खोलीबाहेर गेली. पारखींना इतक्या वर्षांत कुणी चोर समजलं नव्हतं. गंमत अशी की त्या बाईशी वाद घालावा असं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

वर येऊन त्यांनी विक्री खात्यातल्या मुलीला बाजूला घेतलं आणि झाला प्रकार कुजबुजत सांगितला. तिला कळायला क्षणभर लागला.

"म्हणजे आज ज्याच्या ज्याच्याकडे आपली किल्ली आहे, त्या प्रत्येकाकडे सगळ्यांची किल्ली आहे?"

"हळू बोल, बाई."

"त्या व्यापाऱ्यानं फसवलं आपल्याला, काका."

पारखी मान हलवून, हल्ली लोक फार बिघडलेत, असं काहीसं पुटपुटले. एका निरपराध माणसावर आपण आळ येऊ दिला याची त्यांना कुलपांपेक्षाही जास्त लाज वाटली, पण ती वाटत असतानाच पाय माईकवाल्याच्या टेबलाकडे निघाले होते. लोकांना लवकरात लवकर खाली बोलावून ज्याची पिशवी त्याच्या हवाली करायची, एवढं एकच त्यांना सुचत होतं.

माईकवाला हौशी होता. काय सांगायचं म्हणून त्याने विचारलं. कुलूप घेतलेल्यांनी सामानाच्या खोलीत यावं, असं पारखी म्हणाले. कशासाठी, असं त्याने विचारलं. आता हे काही पारखींना सांगता येत नव्हतं. तुमच्या खिशातल्या किल्लीने इथला कुठलाही कप्पा उघडतो, हे भर सभागृहात माईकवरून कसं सांगायचं?

"कारणाशिवाय कोण येतं, काका?" माईकवाला म्हणाला. "थांबा, मी बघतो." आणि पारखी हात पुढे करेपर्यंत त्याचा गोड आवाज सभागृहभर घुमला. पितळी कुलूप मिळालेल्या भाग्यवान पाहुण्यांसाठी तळघरात एक खास भेट ठेवली आहे, भेटी मर्यादित आहेत, त्वरा करावी.

लोकांनी त्वरा केली. कुलूप मिळालेले धावलेच, पण कुलूप न मिळालेले आधी स्टॉलवर धावले. तिथे कुणी नव्हतं, म्हणून उरलेल्या ढिगातून त्यांनी आपल्या हाताने एकेक कुलूप उचललं आणि मग तेही भाग्यवान होऊन तळघराकडे निघाले. पारखी खाली पोचले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते एका स्टुलावर चढले. खास भेट कुठे आहे असं सगळे एकदम विचारत होते.

"आधी ऐका," पारखी म्हणाले. "कृपा करून कुणीही कप्पा उघडू नका."

एवढं ऐकल्यावर भेट कप्प्यातच ठेवलेली आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. ज्याच्या समोर जो कप्पा होता तो त्याने उघडला. सगळे कप्पे उघडले. निळ्या पिशव्या बाहेर आल्या, आणि मग हळूहळू आवाज बदलत गेले. ही माझी नव्हे. माझ्या पिशवीत हा कुणाचा डबा? माझा स्वेटर कुठे गेला? शेवटी एका गृहस्थाने आपली किल्ली डोळ्यांसमोर धरून, जणू तिनेच अपराध केला असावा अशा सुरात म्हटलं, "अहो, ही तर सगळ्यांनाच लागतेय." खोली एकदम गप्प झाली.

नेमके त्याच क्षणी मालक हॉटेलच्या बाईंना घेऊन दारात उभे होते. आमच्या एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागल्याचं तीन पिढ्यांत घडलेलं नाही, हे त्यांनी जिन्यावरून खाली येता येता म्हटलेलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. बाई गर्दीतून आपल्या कप्प्याकडे गेल्या. कप्पा उघडाच होता, आणि आत काही नव्हतं.

मालकांचा चेहरा पारखींना स्टुलावरून नको तितका स्पष्ट दिसत होता.

"हा काय प्रकार आहे?" मालकांनी विचारलं.

"व्यापाऱ्यानं फसवलं, साहेब," मुलगी घाईघाईने म्हणाली.

पारखी स्टुलावरून उतरले. धरणीने पोटात घेतलं तर बरं असं वाटण्याची ती वेळ होती, पण आपण आधीच तळघरात आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"व्यापाऱ्यानं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "किल्ली एकच ठेवा, असं मीच सांगितलं. खोक्यात भरायला सोपं जातं म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पारखींनी मान वर केली नाही. त्यांनी खाली बसून सगळ्या निळ्या पिशव्या खोलीच्या मधोमध गोळा केल्या आणि विनंती केली, की प्रत्येकाने आपल्या पिशवीत काय आहे ते सांगावं, ते जुळलं की पिशवी घेऊन जावं. दुसरा मार्गच नव्हता. लोक रांगेत उभे राहिले, आणि मग एकेकाची जी उलटतपासणी झाली तिच्यामुळे पारखींच्या लाजेला बरीच सोबत मिळाली. सुटाबुटातल्या एका वजनदार गृहस्थांना आपल्या पिशवीत फक्त रंगवाल्यांच्या स्टॉलवरचे पेपरमिंट आहेत, आणि तेही वरपर्यंत, हे मोठ्याने सांगावं लागलं. गादीवाल्यांच्या मॅनेजरच्या पिशवीत दुसऱ्याच कंपनीची उशी निघाली. मान आखडते, म्हणून दुपारी जरा डोकं टेकायला लागते, असं तो भिंतीकडे बघत म्हणाला. एका नवरा-बायकोने आपापल्या पिशव्या ओळखल्या, पण नवऱ्याच्या पिशवीतलं नव्या पडद्याचं बिल बायकोने तिथेच वाचलं, आणि त्यांचं पुढचं बोलणं जिन्यावर गेलं.

पिशव्या संपत आल्या. एकेकाचं सगळं जुळत होतं. डब्यातली पोळीसुद्धा कुणी हलवली नव्हती. उरली ती एक पिशवी घ्यायला कुणी पुढे येईना, आणि हॉटेलच्या बाईंची मिळत नव्हती.

तेव्हा जिन्यावरून मास्तर आणि त्यांची पत्नी धापा टाकत खाली आली. औषधाची गोळी घ्यायला त्यांनी झाडांच्या कुंड्यांपाशी पिशवी उघडली होती आणि आत बायकी पर्स, शाल आणि कसले कसले कागद बघून त्यांना चूक कळली होती. घाईत बायकोने मास्तरांच्या कप्प्याऐवजी शेजारचा कप्पा उघडला होता.

"माफ करा हो," मास्तर बाईंना म्हणाले. "पर्सला आम्ही हात लावला नाही. फक्त पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल होतं, शाल भिजायला लागली होती, म्हणून हिनं ते घट्ट लावलं. आणि शाल जरा बाहेर उन्हात धरली. तेवढ्यासाठी उशीर झाला."

बाईंनी शाल हातात घेतली. ती वाळलेली होती आणि नीट घडी घातलेली होती. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

पारखींना वाटलं, आता बोललं तर काहीतरी वाचेल. ऑर्डर वाचेल, मालकांची तीन पिढ्यांची अब्रू वाचेल, दुसरी पाळी वाचेल. त्यांना भरून आलं होतं, आणि भरून आलेला माणूस जरा जास्तच बोलतो.

"बाई, चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. पण बघा. आज दुपारभर इथल्या सगळ्यांकडे सगळ्यांच्या सामानाची किल्ली होती. मनात आलं असतं तर कुणी काहीही नेलं असतं. आणि कुणाचा रुमालसुद्धा गेला नाही. उलट कुणाच्या बाटलीचं झाकण कुणी घट्ट लावून दिलं." मालक गर्दीच्या मागून डोळे मोठे करून त्यांना काहीतरी खुणावत होते. मालकांनाही गहिवरून आलं आहे, असं समजून पारखी आणखी रंगले. "माणसं चांगली असतात, बाई. कुलूप असो नसो, माणसं मुळात चांगलीच असतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरमिंटवाल्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि आसपासच्यांना पेपरमिंट वाटायला सुरुवात केली. बाईंनी शाल पिशवीत ठेवली आणि पिशवीचे बंद खांद्यावर घेतले.

"खरं आहे तुमचं," त्या पारखींना म्हणाल्या. मग त्या मालकांकडे वळल्या. "मी इतकी वर्षं हॉटेल चालवतेय. आमच्याकडे आजवर काय गेलं असेल, तर टॉवेल. आणि ते पाहुणेच नेतात, आतून, रीतसर दार उघडून. त्याला तुमचं कुलूप तरी काय करणार? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी. आहेत ती जुनी कुलपं मला पुष्कळ झाली."

मालकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बाई त्यांच्या आधी म्हणाल्या, "मोठा खर्च वाचवलात आमचा. आणि या गृहस्थांना सांभाळा. असा सच्चा माणूस विक्रीच्या कामात मी पाहिला नाही."

आपण विक्रीत नाही, खरेदीत आहोत, हे पारखींच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. त्या दिवसातली ती त्यांची एकमेव शहाणपणाची गोष्ट.

परत येताना गाडीत मालक पुढे बसले आणि पारखी मागे, मोठ्या कुलपांच्या खोक्यांमध्ये. मालक रागावले असते तर पारखींना सोसलं असतं. पण मालक नुसते खिडकीबाहेर बघत होते, आणि मग अगदी हळू, विनवणीच्या सुरात म्हणाले, "पारखी, एक विचारू?"

"विचारा, साहेब."

"एवढ्या पिशव्या होत्या. त्यातली एखादी... निदान ती उशी तरी जायला काय हरकत होती हो?"

"चुकलं, साहेब," पारखी म्हणाले. कुणीच चोरी केली नाही याबद्दल आपण माफी मागतो आहोत हे त्यांना कळत होतं, आणि तरी ती त्यांनी मनापासून मागितली.

कारखान्याच्या फाटकाशी दुसऱ्या पाळीतला पॉलिशवाला उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत अर्धीमुर्धी पोचली होती आणि राहवेना म्हणून तो आला होता. मालक आत निघून गेले. पारखी खोकी उतरवू लागले तसा तो मदतीला पुढे झाला.

"प्रदर्शनात काही गोंधळ झाला म्हणे, काका. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागत होती?"

"हो."

"मग चोरीबिरी?"

"नाही. काहीच गेलं नाही कुणाचं."

पॉलिशवाल्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. त्याच्या छातीवरचा भार उतरल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "मी घरी बायकोला म्हटलं, पारखीकाका आहेत तिथे, ते सांभाळून घेतील. काही गेलं असतं तर त्या हॉटेलवाल्या बाई आपल्या दारात तरी उभ्या राहिल्या असत्या का? मग, काका, पाळी कधीपासून?"

पारखींनी त्याच्याकडे पाहिलं. लोक प्रामाणिक निघाले म्हणून तुझी पाळी गेली, हे कुठल्या शब्दांत सांगायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी त्याला हाताला धरून कॅन्टीनमध्ये नेलं, बाकावर बसवलं, दोन चहा सांगितले, आणि चहा संपेपर्यंत काही सांगायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. चहा वाफाळता होता. तो निवायला बराच वेळ लागला, आणि पारखींची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती.